शेरा

सव्वीस वर्षं मी जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसलो,
सांगली नगरपालिका, तळमजला.
लोकांच्या तारखा लिहिल्या,
खाडाखोड झाली तर शेजारी सही केली.
निवृत्त झाल्यावर पणजोबांची एकच ओळ भरायला घेतली
आणि पावसाळा संपला, ओळ भरत नाही.

नाव : चनमल्लाप्पा गुरुलिंग हळिंगळे.
राहणार हरिपूर. धंदा हळदीचा.

जन्म.
चिंचोके दळून खाल्ले त्या साली, एवढंच घरात माहीत.
म्हणजे शके सतराशे अठ्ठ्याण्णव,
संवत्सराचं नाव धाता.
धाता म्हणजे पोसणारा. असो.
त्यांची आई सरकारी कामावर खडी फोडत होती,
तासगावच्या रस्त्याला.
मुकादमाच्या हजेरीत तिच्या नावापुढं, म्हणे,
एक दिवस फुली
आणि दुसऱ्या दिवशी परत हजर.
त्या फुलीत पणजोबा जन्मले असणार.
पुढं कुणीतरी कुठल्यातरी कागदावर
एक जून घालून टाकली.

मृत्यू.
हा सापडला. सतरा ऑक्टोबर एकोणीसशे अठरा.
कारण : ताप.
त्याच्या खाली सदर, सदर, सदर,
पान संपेपर्यंत सदर.
पान अर्ध्यावर आलं की अक्षर बदलतं.
पाटील गेले,
पोरगा लिहायला बसला.
त्यानं पहिली नोंद बापाची केली आहे,
त्याच्याही पुढं सदर.

माती.
नदीकडच्या दगडावर कोरलंय :
शके १८४०, कालयुक्त संवत्सर, आश्विन शुद्ध पौर्णिमा.
जुनं पंचांग लावून बघितलं, तीनदा.
एकोणीस तारीख येते. कोजागिरी.

गेले सतराला, माती एकोणीसला.
आमच्यात असं ठेवत नाहीत कुणाला.

अडतीची वही काढली.
सोळाला : पेव सातवं, चाळीस पोती.
सतराला काही नाही.
अठराला दोन उभ्या रेघा, म्हणजे दोन आणे,
शेजारी लहान पोरानं काढावा तसा एक कंदील
आणि हळदीचा अंगठा,
अजून पिवळा.

निंगव्वाला लिहिता येत नव्हतं.

बाकीचं गंगूआत्यानं सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं,
मधेच औषधाची वेळ झाली म्हणून उठली.
जंगमस्वामी अंथरुणाला खिळलेले.
खड्डा खणणारे दोघंही गेलेले.
गावात उभा असलेला एकटा दस्तगीर,
पेवं खणणारा.
आमच्यात माणूस आडवा पुरत नाहीत, बसवतात,
तळहातावर लिंग ठेवून.
अंग ताठायच्या आत निंगव्वानं एकटीनं
नवऱ्याला मांडी घालून बसवलं,
हळदीच्या पोत्यांना टेकवून.
दार ओढलं आणि रॉकेल आणायला गेली.

दस्तगीरला एकाच तऱ्हेचा खड्डा येत होता.
तोंड अरुंद, पोट मोठं,
आत शेणकाला, वर उसाचा पाला.
एकटा माणूस, अंगात कणकण,
दोन रात्री लागल्या.
पेवात उतरायच्या आधी कंदील सोडतात,
विझला तर उतरायचं नाही.
ताज्या खड्ड्यात कसला आलाय वायू,
तरी त्यानं दोरीला बांधून सोडला.
तळाशी टेकला. जळत राहिला.
"हवा बरी हाय वैनी," म्हणाला.

दोन हजार पाचच्या महापुरात पेवांत पाणी शिरलं.
हळद जमिनीतच कुजली,
वास कित्येक दिवस गेला नाही.
दगड तेवढा राहिला, थोडा कलून.

काल रात्री शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
मधले दोन दिवस बसून होते.
असला शेरा कुणी आणला असता
तर मी खिडकीतूनच परत पाठवला असता.
शेजारी सही केली.

जन्माचा रकाना अजून कोरा आहे.
तिथं फुली मारावी का,
ठरत नाही.